ड्रॅगनला ब्रेक नसतो

"डोळे मीट आणि सोनेरी प्रकाश बघ," असं म्हणत वन्संनी तिच्या अंगावर निळी चादर ओढली आणि दोन्ही तळवे तिच्या कपाळापासून चार बोटं वर धरले.

तिने डोळे मिटले. प्रकाश काही दिसेना. ऐकू मात्र सगळं येत होतं. खोलीच्या मधोमध एक जाडसर पडदा होता. अलीकडे वन्संचं ऊर्जा सत्र चाले आणि पलीकडे, दर रविवारी दुपारी, वन्संची मुलगी आपल्या दोन दोस्तांना जमवून खेळ मांडून बसे. नकाशे, शिशाचे बोटभर सैनिक, बऱ्याच बाजूंचे रंगीबेरंगी फासे आणि तोंडी रचलेलं एक अख्खं राज्य. भाची त्या खेळाची सूत्रधार. सत्र चालू असताना हळू बोलायचं, असा त्या घरात करार होता. पण राक्षस मागे लागले की कराराचं भान कुणाला राहतंय!

"पूल मध्येच तुटलाय," भाची पलीकडून सांगत होती. "खाली नदी. घोडागाडी उताराला लागलीय, घोडे उधळलेत. वेग वाढतोय. काय करताय?"

पलीकडे कुणीतरी नुसताच फासा मुठीत खुळखुळवत राहिलं.

"लवकर बोला. काय करताय?"

"अरे, आधी मागच्यांना सांगा ना, धरून बसा म्हणून!" ती चादरीखालून ओरडली.

वन्संचे हात हवेतच राहिले. पडद्याच्या फटीतून आधी भाचीचं डोकं आलं, मग त्याच्यावर औषधाच्या दुकानातल्या उंच पोराचं, ज्याला सगळे उंटच म्हणत, आणि सर्वांत खाली बँकेत काम करणाऱ्या मुलीचं.

"मामी, खेळतेस?" भाचीने विचारलं.

"सत्रात बोलायचं नसतं," वन्सं म्हणाल्या. "गेली सगळी ऊर्जा वाया."

ऊर्जा आधी आली होती की नाही, हे तिलाही ठाऊक नव्हतं. विश्वास तिचा नव्हताच. पण बुडणाऱ्याने कशाला धरायचं याची निवड करू नये, एवढं तिला कळत होतं. गेल्या थंडीत टेकडीवरच्या वसाहतीतून भरलेली बस घेऊन ती खाली उतरत असताना ब्रेकचं पेडल तिच्या पायाखाली तळापर्यंत गेलं होतं आणि परत वर आलंच नव्हतं. बस शेवटी रस्त्याकडेच्या वाळूच्या ढिगाऱ्यात शिरून थांबली. जीव कुणाचा गेला नाही. एका आजोबांचा हात मोडला, बाकीच्यांना खरचटलं. वन्संही त्याच बसमध्ये होत्या, बरोबर तिच्या मागच्या सीटवर. त्यांना ओरखडासुद्धा आला नाही आणि तो सगळा ऊर्जेचा प्रताप, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

चौकशीत दोष गाडीचा निघाला. पण पायाला ते कोण समजावणार? पुन्हा गाडीवर रुजू होण्याआधी प्रशिक्षकाला शेजारी घेऊन एक चाचणी फेरी मारावी लागे. दोनदा ती सीटवर बसली, दोनदा तिचा उजवा पाय लाकडासारखा झाला आणि दोनदा ती घामाने निथळत खाली उतरली. डेपोचे साहेब भला माणूस. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "आणखी एकदा बघू. नाहीच जमलं तर पासाच्या खिडकीवर बसा. त्यात कमीपणा काही नाही, बाई."

कमीपणा नव्हताच. पण आयुष्यभर काचेमागे बसून दुसऱ्यांनी चालवलेल्या बस बघायच्या, या विचाराने तिचा जीव गुदमरे. लहानपणी इतर मुली भातुकली मांडत तेव्हा ही हातात ताटली धरून घरभर गाडी चालवत हिंडायची. बस चालवायची म्हणजे चालवायचीच, असा तिचा हट्ट होता आणि तो अजून सुटला नव्हता. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. मग वन्सं म्हणाल्या, माझ्याकडे ये, आणि ती गेली.

खरं सांगायचं तर तिथे तिला बरं वाटे. वन्संच्या हातांना ऊब होती. त्या हळूहळू म्हणत, "श्वास सोड. खांदे खाली," आणि कित्येक दिवस न आलेली झोप तिला त्या निळ्या चादरीखाली लागे. एकच गोष्ट तिच्या लक्षात आली होती. डोक्यापासून गुडघ्यांपर्यंत अगदी स्थिर असलेले वन्संचे हात तिच्या उजव्या पावलावर आले की थरथरत. वय झालं, दमत असतील, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. शिवाय हल्ली वन्संनी चालण्याचं वेड घेतलं होतं. बाजार असो की दवाखाना, टोपी घालून, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन त्या पायीच निघत. "चालणं बरं असतं," त्या म्हणत. मग दमणारच.

पुढच्या रविवारी सत्र आटोपल्यावर ती पडदा सारून पलीकडे गेली.

"एक सांगून ठेवते," ती म्हणाली. "मी काहीही हाकणार नाही. घोडा नाही, गाडी नाही, होडी नाही."

"मग तू कोण होणार?"

"मी मागे बसणारी. प्रवासी."

उंट तोंडावर हात धरून हसला. "प्रवासी असं पात्र नसतं हो."

"का? तुमच्या राज्यात सगळे पायीच हिंडतात?"

अखेर ती एक स्थूल, फटकळ, मीठ विकणारी व्यापारीण झाली. पहिल्याच डावात गुहेचं दार लागलं, तेव्हा तिने फासा उचलला.

"थांब, मामी. दार उघडायला फासा लागत नाही," भाची म्हणाली. "बोलायला, चालायला, चढायला, उतरायला काहीच लागत नाही. म्हणायचं आणि करायचं. फासा फक्त जिथे आपल्या हातात नसतं तिथे."

"बरं आहे की," ती म्हणाली आणि दार उघडून आत गेली.

मग तिला त्या खेळाचा नादच लागला. घरी भाजी चिरता चिरता ती एकटीच पुटपुटे.

"कुणाशी बोलतेस?" नवरा विचारी.

"बुटक्यांच्या राजाशी. पूल ओलांडायला कर मागतोय. तू गॅस बारीक कर."

आनंद होत होता तिला, निखळ आनंद, ज्याच्यापासून कुणाला काही फायदा नाही असा. त्या राज्यात ती पडायची, बुडायची, एकदा तर तिचा बेडूक झाला, आणि प्रत्येक वेळी भाची तितक्याच शांतपणे विचारायची, "आता काय करतेस?" अपघातानंतर तिला लोकांनी खूप काही विचारलं होतं. काय झालं, कसं झालं, आता कसं वाटतंय. आता काय करतेस, हे कुणी विचारलं नव्हतं.

चाचणी सोमवारी सकाळी होती. आदल्या दिवशी, रविवारी, ते सगळे एका ड्रॅगनच्या पाठीवर होते. लगाम उंटाकडे होता. ती आपली ठरल्याप्रमाणे शेवटी, मिठाच्या पोत्यावर. उंटाने फासा टाकला आणि कपाळाला हात लावला.

"बाण लागला. तू बेशुद्ध," भाचीने जाहीर केलं. "बँकेतल्या बाईसाहेब आधीच जखमी. ड्रॅगन बिथरलाय. सरळ खाली चाललाय, गावाच्या दिशेने. लगाम मोकळा आहे." ती थांबली. "मामी, काय करतेस?"

"मी काही हाकणार नाही म्हटलं होतं."

"हो. म्हटलं होतंस."

भाचीचा आवाज मऊ होता, पण तिने नजर काही हलवली नाही. टेबलाखाली उजवा पाय लाकडासारखा होऊ लागला. तिने तो जमिनीवर जोरात दाबला.

"ड्रॅगनला ब्रेक असतो का?"

"नसतो."

"हँडब्रेक?"

"मामी!"

कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. पडद्याशी वन्सं उभ्या होत्या. चादर घडी घालायला म्हणून आल्या असाव्यात. ती तशीच हातात लोंबत होती.

"श्वास सोड," त्या म्हणाल्या. "खांदे खाली."

तिने श्वास सोडला. खांदे खाली आले.

"लगाम धरते," ती म्हणाली. "आधी मागच्यांना सांगते, धरून बसा. मग... खाली गाव आहे, म्हणजे तिकडे घालायचा नाही. बाजूला डोंगर आहे?"

"आहे. उजवीकडे."

"मग चढावर घेते. चढाला वेग आपोआप मोडतो. वर बर्फ असेल ना, भुसभुशीत? त्यात पोट घासत नेते. फोडत फोडत. थांबेल. थांबायलाच पाहिजे."

"टाक फासा."

तिने जरा जास्तच जोर लावला. फासा टेबलावरून उडाला, फरशीवरून गडगडत गेला आणि वन्संच्या पायाशी थांबला. वन्संनी वाकून तो उचलला.

"किती पडलं, आई?"

वन्सं फाशाकडे बघतच राहिल्या.

"थांबला," त्या म्हणाल्या. "वाळूत जाऊन थांबला."

"वाळू नाही, बर्फ," उंट म्हणाला आणि लगेच त्याला आपण बोलायला नको होतं असं वाटलं. वन्संनी फासा मुठीत धरला, चादर खुर्चीवर टाकली आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. आतून नळ सुरू झाल्याचा आवाज आला, आणि तो बराच वेळ तसाच येत राहिला.

ती टेबलाशी बसून होती. इतके दिवस तिला वाटत आलं होतं, की वाळूचा ढीग आपला तिथे होता म्हणून बस त्यात शिरली. नशीब, बाकी काय! पण ढीग रस्त्याच्या वरच्या अंगाला होता. चढ घेतल्याशिवाय तिथे पोचताच येत नव्हतं. चाक कुणीतरी वळवलं होतं, आणि त्या वेळी चाकावर हात फक्त तिचे होते. हे लक्षात आलं तेव्हा तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत.

सोमवारी सकाळी ती सीटवर चढली. प्रशिक्षक शेजारी उभा राहिला. तिने आरसे नीट केले, पट्टा लावला, उजवा पाय पेडलवर ठेवला. पाय जड झाला, नाही असं नाही. तिने श्वास सोडला, खांदे खाली घेतले आणि पेडल दाबलं. ते खाली गेलं. सोडलं. ते वर आलं.

"धरून बसा!" ती मागे वळून मोठ्याने म्हणाली.

मागे बस रिकामी होती. प्रशिक्षकाने मात्र निमूट दांडी धरली.

ती टेकडी चढली, वळली आणि तोच उतार उतरली. घामाने तिची पाठ चिकटली होती, पण पाय आपलं काम करत होता. डेपोत परत आल्यावर प्रशिक्षक एवढंच म्हणाला, "उद्यापासून टेकडीचीच फेरी देऊ? की दुसरी कुठली?"

"टेकडीचीच द्या."

दुसऱ्या दिवशी टेकडीच्या पायथ्याच्या थांब्यावर तिला लांबूनच टोपी दिसली. टोपीखाली वन्सं होत्या, हातात पिशवी. तिने बस त्यांच्या पुढ्यात उभी केली आणि दार उघडलं. दोनचार माणसं चढली. वन्सं जागच्या हलल्या नाहीत.

"बघायलाच आले होते तुला," त्या खालूनच म्हणाल्या. चेहरा आनंदाने फुलला होता. "कशी दिसतेस गं रुबाबात! जा, जा तू. मला वरच जायचंय, मी येते चालत. चालणं बरं असतं."

वर म्हणजे टेकडीच्या माथ्यावर, तेही उन्हात. तिने पिशवी धरलेल्या हाताकडे पाहिलं. तो थरथरत होता. हे थरथरणं तिच्या ओळखीचं होतं. निळ्या चादरीखाली पडून ते तिने कितीदा अनुभवलं होतं आणि दर वेळी म्हटलं होतं, वय झालं.

तिने हँडब्रेक ओढला.

"वन्सं, बस उभी आहे," ती म्हणाली. "दार उघडं आहे. काय करताय?"

वन्संचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी पायरीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मागे एका मोटारीने भोंगा वाजवला. आत कुणीतरी घड्याळ बघत च्क् केलं. चाकावरचे हात तिने काढून मांडीवर ठेवले.

"फासा टाकावा लागेल का गं?" वन्संनी अगदी हळू विचारलं.

"नाही. चढायला फासा लागत नाही."

वन्संनी श्वास सोडला. त्यांचे खांदे खाली आलेले तिने पाहिले. मग त्यांनी पिशवीत हात घातला, काहीतरी चाचपून काढलं आणि एक पाऊल पायरीवर ठेवून, दुसरं अजून रस्त्यावरच असताना, ते तिच्या पुढे धरलं. भाचीचा रविवारचा फासा.

"हा घे. माझ्याकडेच राहिला होता."

दुसरं पाऊल वर आलं. दार बंद झालं.

वन्सं तिच्या मागच्याच सीटवर बसल्या.

"धरून बसा," ती म्हणाली आणि तिने आरशात पाहिलं. वन्संनी दोन्ही हातांनी दांडी गच्च धरली होती. डोळे मात्र टक्क उघडे होते. तिने हँडब्रेक सोडला.