मामांनी माझ्या हातावर केलेली सही

मित्रांनो, मी केशकर्तनालयातली एक जुनी खुर्ची आहे. लोहाराने माझा लोखंडी पाय घडवला आणि सुताराने मला रुंद हात दिले. दुकानाच्या मालकांना सगळे मामा म्हणतात. गिऱ्हाईक उठले की ते मला फडक्याने असे पुसतात, जणू लहान मुलाचे तोंडच पुसत आहेत.

आमच्याकडे एक करसल्लागार दाढीला येत. सरकारकडून कराचे पैसे परत मिळवून देण्याबद्दल त्यांची ख्याती होती, म्हणून लोक त्यांना परतावासाहेब म्हणत. एका गर्दीच्या सकाळी त्यांनी खिशातून अर्ज काढला.

“मामा, इथे सही करा. बाकीचं मी भरतो. माझी फी परताव्यातूनच कापून घेईन.”

“अहो, पण हा कोरा आहे.”

“मी रोज तुमच्या वस्तऱ्याखाली गळा देतो, आणि तुम्हाला एक सही जड होते?”

मामा भिडस्त. ते ओशाळून हसले आणि माझ्याच हातावर कागद ठेवून त्यांनी सही केली.

थोडे पैसे आले. त्यातून मामांनी मला नवे आवरण शिवले. त्या दिवसांत मी फार सुखात होते.

मग कर कार्यालयाचे पत्र आले. दुकानात नसलेल्या नोकरांचे पगार अर्जात दाखवले होते, कधी न दिलेल्या देणग्या होत्या. परताव्याचा मोठा वाटा साहेबांच्याच खात्यात गेला होता. त्यांच्या कचेरीला कुलूप होते आणि फोन बंद.

“फसवणुकीची तक्रार नोंदवून घेते,” कर कार्यालयातल्या बाई म्हणाल्या होत्या, “पण सही तुमची आहे. पैसे दंडासह तुम्हालाच भरावे लागतील.”

मामांनी दुकानात परत येऊन हे सांगितले, तेव्हा मामी म्हणाल्या, “जन्मभर लोकांचे केस कापलेत, आणि केसाने गळा कापला गेला तो तुमचाच.” मग पदराने डोळे टिपून त्यांनी मामांपुढे चहा ठेवला.

दंडाचे पैसे उभे करायला मामांनी जुन्या सामानाचा व्यापारी बोलावला. त्याने मला फिरवून पाहिले, माझा पाय ठोकून पाहिला. मामा माझ्या पाठीवर हात ठेवून उभे होते.

“ही नको,” ते शेवटी म्हणाले. “ती दुसरी घ्या.”

माझ्या शेजारची धाकटी खुर्ची गेली. उरलेल्या रकमेचे हप्ते बांधून मिळाले. तिच्या जागी फरशीवर अजूनही एक फिकट वर्तुळ आहे, आणि रिकाम्या दुपारी मी त्याच्याकडेच पाहत असते.

यंदा एक नवीन हिशेबनीस बाई अर्ज भरून घेऊन आल्या. मामांनी चष्मा लावला आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते माझ्यावर बसले. गालाला साबण लावून झालेल्या गिऱ्हाइकाला त्यांनी उठवून बाकावर बसवले होते. मामा एकेक ओळ मोठ्याने वाचत, अडले की विचारत.

“मामा, साबण सुकला हो.”

“सुकू दे. पुन्हा लावता येतो.”

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी भिडेपोटी कोऱ्या कागदावर सही करू लागले, तर त्यांच्याजवळ जा आणि हळूच म्हणा, “आधी भरून आणू द्या, मग आपण मिळून वाचू.” गिऱ्हाईक थांबते, मित्रांनो. मी स्वतः पाहिले आहे.