पाचवं नाव

श्रोता मंडळ बंद करायचं असं मी जाहीर केलं, तेव्हा पहिलं भांडण झालं ते शिक्क्यावरून. सावळारामतात्यांना तो रबरी शिक्का घरी न्यायचा होता. कशाला, ते त्यांनाही सांगता येईना. मी म्हटलं, "न्या बाबा, आणि पॅडही न्या." शिक्का गेल्यावर तरी बावीस वर्षांचं हे लचांड गळ्यातून उतरेल असं मला वाटलं होतं.

'बिरदेव रेडिओ श्रोता मंडळ, निरवांगी, ता. इंदापूर' असा तो गोल शिक्का. मी, बुद्धघोष, सतरा वर्षांचा असताना इंदापुरातून करून आणलेला. तेव्हापासून मी सेक्रेटरी. निवडणूक कधी झाली नाही, कारण गावात माझ्याइतकं सुवाच्य अक्षर दुसऱ्या कुणाचं नव्हतं. ही बढाई नाही. बाकीच्यांची अक्षरं पाहिली असतीत तर तुम्हीही मलाच सेक्रेटरी केलं असतंत.

दर रविवारी संध्याकाळी आमच्या ओसरीवर सभा भरायची. एका पोस्टकार्डावर गाण्याची फर्माईश आणि खाली सभासदांची नावं. गाणं कोणतं मागायचं यावर ज्वारीचे दाणे टाकून मतदान व्हायचं आणि त्यात लबाडीही व्हायची. सोमवारी कार्ड पोस्टात, आणि पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळी रेडिओवरच्या बाई गाण्यांच्या आधी गावोगावच्या श्रोत्यांची नावं वाचायच्या. आमचं गाणं लागो न लागो, निरवांगी यायची. त्या बाईंच्या आवाजावर आमचा फार जीव. एका वर्षी आम्ही त्यांना घोंगडी विणून पाठवली. त्यांनी रेडिओवरून आभार मानले तेव्हा सगळं गाव आठवडाभर ताठ मानेनं चालत होतं.

पण नुसती गाण्यांची हौस असती, तर हे मंडळ दोन वर्षांत बारगळलं असतं. ते टिकलं मेंढरांमुळे.

आमच्या गावातली निम्मी धनगरघरं तेव्हा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायची, ती पावसाच्या तोंडावर परत. म्हातारी, शाळेतली पोरं आणि त्यांना सांभाळणाऱ्या बायका मागं राहायच्या. वाटेवरच्या माणसाला पत्ता नसतो. आज या शिवारात, परवा पुढच्या. पत्र पाठवलं तर कोकणातल्या ओळखीच्या वाण्याकडे पडून राहायचं. पण घोड्यावरच्या ओझ्यात एक रेडिओ असायचाच. गुरुवारी माळावर बसून ती माणसं आपल्या बायकोचं, आईचं नाव ऐकायची. नाव आलं म्हणजे माणूस धडधाकट. कार्डच आलं नाही तर पोस्टाचा घोळ. मात्र ओळीनं दोन गुरुवार कार्ड चुकलं, किंवा कार्ड येऊन त्यातलं एकच नाव गळालं, तर मेंढरं भावाच्या हवाली करून घरची वाट धरायची. हे कुणी ठरवलं नव्हतं. आपोआप ठरलं.

ते मला कळलं त्र्याऐंशी सालच्या माघात, आणि चांगलंच कळलं. त्या आठवड्यात कार्डावर जागा संपली. शिक्का मारायचा राहिला होता. मी तात्यांच्या बायकोचं, फुलाबाईंचं नाव गाळलं आणि तिथं शिक्का मारला. पुढच्या वेळी त्यांचं पहिलं घालू, असा न्याय मनातल्या मनात करून मी झोपलो.

बाईंनी कार्ड वाचलं, त्यानंतरच्या शनिवारी भर दुपारी सावळारामतात्या गावात आले. वाटेत मिळेल त्या ट्रकनं आणि एसटीनं आलेले, डोळे सुजलेले, काखेत नवीकोरी हिरवी साडी. सवाष्ण गेलेल्या बायकोवर घालायला कोकणातून घेतलेली. फुलाबाई अंगणात चिंचा फोडत बसल्या होत्या. तात्या तिथंच मातीत बसले आणि लहान पोरासारखे रडले. मग उठले, सरळ आमच्या घरी आले आणि माझ्या थोबाडीत दिली. मी ती मुकाट खाल्ली. माझीच होती ती. ती साडी फुलाबाई पुढं कितीतरी वर्षं बिरदेवाच्या जत्रेला नेसायच्या आणि भेटेल त्याला सांगायच्या, "ही माझ्या मढ्याची साडी हाय बरं का!"

त्यानंतर वही आली. सभेला हजर असेल त्यानं वहीत सही किंवा अंगठा करायचा. पुरुषाचा डावा, बाईचा उजवा. वहीत असेल त्याचं नाव कार्डावर गेलंच पाहिजे, आणि वहीत नसेल त्याचं नाव प्रत्यक्ष बिरदेव आला तरी जाणार नाही. पुण्याला नोकरी करणाऱ्या पोराचं नाव हौसेनं घाला म्हणून लोक गळ घालायचे. त्यावर सगळ्यात आधी नाही म्हणायची पुतळाबाई. "हितं बसलंय त्येचंच," एवढंच बोलायची.

सत्त्याण्णव साल उजाडलं तेव्हा चाळीस सभासदांचे चार उरले होते. तात्या, फुलाबाई, पुतळाबाई आणि मी. कालव्याचं पाणी आलं, मेंढरं विकून लोक उसात गेले, कुणाची पोरं कारखान्यात लागली. स्टँडवर फोनचा बूथ आला, घरोघर टीव्ही आले. मलाही बारामतीच्या एमआयडीसीत स्टोअरकीपरची नोकरी मिळाली. एक मार्चला हजर व्हायचं होतं. बायको मेघना तर कधीची बारामतीचं नाव घेत होती, पोरीच्या शाळेसाठी.

अडचण एकच होती आणि ती कोकणात होती. पुतळाबाईंचे मालक, धोंडीबाआबा. सत्तरी ओलांडली तरी साठ मेंढरं आणि पुतण्यांची पोरं घेऊन दरसाल जायचे. दरसाल म्हणायचे, ही शेवटची फेरी. गावातून मेंढरांमागं जाणारं आता तेवढं एकच बिऱ्हाड उरलं होतं. पुतळाबाईंचे गुडघे गेले तशी ती मागं राहायला लागली, त्याला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं नवऱ्याबायकोचं बोलणं माझ्या कार्डावरून चाललं होतं, आणि तेही एकाच बाजूनं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी शेवटची सभा भरली. तात्या समारंभासारखा शिक्का घेऊन आले. मी म्हटलं, हे शेवटचं कार्ड.

पुतळाबाई म्हणाली, "मग त्येंला कसं कळायचं?"

"काय कळायचं, मावशी?"

"मंडळ मिटलं त्ये. चौघांची नावं एका दमात बंद झाली तर त्येंनी काय समजायचं? चौघांनी मिळून हिरीत उड्या टाकल्या?"

तात्या हसले, पण लगेच गप्प झाले. त्यांना साडी आठवली असणार. मलाही ती थोबाडीत आठवली. आबा काही तेव्हाच्या तात्यांसारखे चाळिशीत नव्हते. तीन वर्षांपूर्वी घाट चढताना छातीत कळ येऊन खाली बसलेला माणूस. बायको गेली म्हणून धावतपळत निघाला आणि वाटेतच काही झालं, तर ते माझ्या माथी.

मी म्हटलं, "मी असं करतो. बारामतीत गेल्यावरपण दर आठवड्याला कार्ड टाकतो. जूनपर्यंत. आबा परत आले की बंद."

"तितनं तुला काय दिसनार, मी हाय का न्हाय?"

"काही झालं तर मला कळवतीलच की."

"कळवंपत्तोर तू माझं नाव लिवत बसशील. मी सरनावर आन् रेडूवर माझं नाव! न्हाय. असलं खोटं आपल्या वहीत न्हाय चालायचं."

मग मला राग आला. खरं सांगतो, आला. बावीस वर्षं रविवारची संध्याकाळ मी या लोकांना दिली, सासुरवाडीला कधी रविवारी राहिलो नाही, आणि निघायच्या वेळी ही म्हातारी मला नेम शिकवते! मी बोललो, "मग आता मी काय करू? बाईंना लिहू का, सगळे खुशाल आहेत, फक्त सेक्रेटरी पळून गेला? त्या नावं वाचतात, मजकूर वाचत नाहीत!"

मेघना चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "ओरडताय कुणावर? तुम्हालाच तोडवत नाहीये."

तिचं खरं होतं. मला रडू येत होतं आणि मी ते पुतळाबाईवर काढत होतो.

तात्या आणि फुलाबाईंनी वहीत अंगठे केले. मी सही केली. पुतळाबाईनं उजवा अंगठा उठवला, पदराला पुसला, आणि वही पुढं सरकवलीच नाही.

"बुद्धा," ती म्हणाली, "माझ्या नावाखाली त्येंचं लिव्ह."

"कुणाचं?"

तिनं आयुष्यात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, आताही घेतलं नाही. "त्येंचंच. दुसरं कुनाचं लिवायला सांगू?"

"मावशी, ते इथं नाहीत. तुम्हीच म्हणालात, खोटं चालायचं न्हाय."

"माझ्या जिवावर खोटं न्हाय चालायचं. ह्ये निराळं हाय." तिचा आवाज बारीक झाला. "नऊ वर्सं झाली. दर दिवाळीला म्हनत्यात, ही शेवटची फेरी. मी एकदा तरी म्हनले का, ऱ्हावा म्हनून? बांधून घालनं बरं न्हाय असं वाटायचं. आता माझं नावबी जायचं न्हाय त्येंच्यापत्तोर. मला ते घरी पायजेत बुद्धा. भिऊन न्हाय, पळत न्हाय. सवडीनं येऊ देत, पन येऊ देत."

फुलाबाईंनी डोळ्याला पदर लावला. तात्या म्हणाले, "लिव्ह की रं. का आता शाई संपली?"

मी वहीत लिहिलं, धोंडीबा. पुतळाबाईनं पॅडवर डावा अंगठा टेकवला आणि त्या नावापुढं उठवला. उजवा तिचा, डावा त्यांचा. कार्डावर पाच नावं गेली आणि तात्यांनी इतक्या जोरात शिक्का मारला की कार्ड फाटता फाटता राहिलं.

पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी बाईंनी वाचलं, "निरवांगीहून पुतळाबाई, धोंडीबा, सावळाराम, फुलाबाई आणि बुद्धघोष." आम्ही आमच्याच ओसरीवर ऐकलं. मग दुसऱ्याच कुणाची फर्माईश लागली. आमचं गाणं शेवटच्या कार्डालाही लागलं नाही, ही माझी तक्रार अजून आहे.

पुतळाबाईला मात्र त्या दिवसापासून चैन पडेना. रोज सकाळी काहीतरी निमित्त काढून आमच्याकडे यायची. "त्येंना वाटंल, बुद्धाची चूक झाली." दुसऱ्या दिवशी, "या वयात आपल्या आवडीच्या कामातनं वढून काढलं मी. पाप केलं." आणखी एके दिवशी, "रेडूचे शेल संपले असले तर?" मी तिला समजावत होतो, पण माझंही लक्ष फाट्याकडे होतं. फेब्रुवारी संपत आला. अठ्ठावीसला आम्ही निघणार होतो.

निघायच्या दिवशी सकाळी टेम्पो दारात लागला. पुतळाबाई मेघनाबरोबर भांडी बांधत होती. मी गाद्या चढवत होतो, तेवढ्यात फाट्याकडून एक माणूस येताना दिसला. खांद्यावर घोंगडी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात रेडिओ. धावत नव्हता. आपल्या रानाकडे बघत, कुणाच्या उसाला हात लावत, सवडीनं येत होता.

"आबा!" मी टेम्पोवरूनच ओरडलो.

पुतळाबाई उठून उभी राहिली आणि तशीच उभी राहिली. आबांनी तिच्याकडे एकदा बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत, बाजारात मेंढी पारखतात तसं. मग माझ्याकडे वळले.

"वही दाव."

"कसली वही, आबा?"

"मंडळाची. दुसरी कुटली? चौदा वर्सात तुमी वहीत नसलेलं नाव धाडलं न्हाय. मंग माझं कसं गेलं? मी तर तितं दरीत, हातात भाकर घिऊन बसलेलो. पोरं म्हनली, आबा, तुमी तर गावात हाय की. मला बघायचंय, कुनी लावली हजेरी."

वही ट्रंकेत, ट्रंक गाद्यांखाली, गाद्या मी आत्ताच चढवलेल्या. मनातल्या मनात शिव्या घालत मी त्या पुन्हा उतरवल्या. आबांनी वहीचं शेवटचं पान उन्हात धरलं. वाचता येत नव्हतं, पण अंगठे त्यांना वाचता यायचे. एकेकावर बोट ठेवत ते खाली आले.

"ह्यो बापयाचा अंगठा न्हाय. बारका हाय."

पुतळाबाई म्हणाली, "मी केला." आणि मग घाईघाईनं, "मंडळ मिटतंय, बुद्धा चाललाय, आता नाव कळायचं न्हाय म्हनून..."

"पॅड आना," आबा म्हणाले.

पॅड तात्यांकडे. मी पळत गेलो. तात्या पॅड आणि शिक्का दोन्ही घेऊन माझ्या पुढं पळत आले. पॅड वाळलं होतं, मेघनानं त्यावर पाण्याचे चार थेंब टाकले. आबांनी डावा अंगठा नीट फिरवून घेतला आणि पुतळाबाईच्या अंगठ्यावरच दाबून उठवला. तिचा बारका ठसा त्याखाली दिसेनासा झाला.

पुतळाबाई बोलली, भांड्यांकडे बघत, दरसालसारखंच.

"मेंढरं कुटं हायत? किती दिस ऱ्हानार?"

"मेंढरं पोरांच्या हवाली केली," आबांनी अंगठा धोतराला पुसला. "आन् किती दिस काय इचारती? हजेरी लावली की आत्ता."