रूबेन ओल्डरॉईडचे हात

"सगळ्या आवारात पाखरांना घाण करायला नेमका हाच दगड सापडतो," असं पुटपुटत एनिड मेटकाफ रूबेन ओल्डरॉईडच्या थडग्याचा दगड घासत होती. बादलीतलं पाणी गार होतं, गुडघ्यांखाली गोणपाटाची घडी होती, आणि कॉल्डरगिलच्या चर्चमागे असा वारा सुटला होता की मे महिना असूनही तिने डोक्याचा रुमाल दोनदा आवळून बांधला होता. दगड अस्सल काळ्या पाटीचा. चर्चच्या आवारात एवढा मोठा दगड दुसऱ्या कुणाच्या नशिबी नव्हता. त्यावर सोनेरी अक्षरं होती: रूबेन ओल्डरॉईड, हॉलिन गार्थचा शेतकरी, या मातीचा माणूस. दगडाखाली मात्र कुणीच नव्हतं. रूबेन ओल्डरॉईड मुळात जन्मलाच नव्हता, तर मरणार कुठून?

तो टीव्हीवरच्या मालिकेतला शेतकरी. 'हॉलिन गार्थ' लागली की एके काळी अर्धा देश हातातला चहा विसरायचा. तिचं चित्रीकरण याच गावात चालायचं. रूबेन ट्रॅक्टरखाली सापडून मरतो त्या भागासाठी कंपनीला थडगं हवं होतं, आणि कॅमेऱ्याला मागची टेकडी दिसेल अशी एकच जागा होती, मेटकाफांच्या कोपऱ्यात, एनिडच्या सासूसासऱ्यांच्या शेजारी. ती जागा तिच्या नवऱ्यासाठी, आर्नल्डसाठी, राखलेली. "पंधरवड्याचा तर प्रश्न आहे," तेव्हाचे पाद्री म्हणाले. "घ्या की," आर्नल्ड म्हणाला होता, "मी काय इतक्यात मरतोय?"

दगड तेव्हा प्लायवूडचा होता. कंपनी तो न्यायला विसरली. पुढे मालिकाही बंद पडली, पण लोक बसने यायला लागले आणि प्लायवूडपुढे फुलं ठेवून रडायला लागले. पावसाने प्लायवूड कुजलं तेव्हा चाहत्यांच्या मंडळाने खरा दगड बसवला. पाद्रीबाबांनी शेजारी दानपेटी ठेवली. चर्चचं छप्पर गळायचं थांबलं ते त्या पेटीमुळे, हे गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं, आणि म्हणून सगळेच गप्प होते.

आर्नल्ड गेला जानेवारीत. त्याची राख एनिडच्या कोठीत, मार्मलेडच्या बरण्यांशेजारी, दहनगृहातून मिळालेल्या तपकिरी डब्यात होती. मरण्यापूर्वी त्याने एवढंच मागितलं होतं की मला आईबापांजवळ ठेव. दुसरं काही तो जन्मात मागत नसे, त्यामुळे ही एक गोष्ट टाळणं तिला जमण्यासारखं नव्हतं.

फाटक करकरलं. फिलिपा, आत्ताची पाद्रीण, घाईघाईने येताना दिसली. तिचा चेहरा पाहूनच एनिडने ब्रश बादलीत टाकला.

"नाही म्हणाले ना?"

"एनिड, आधी ऐकून तरी घ्या. चर्चच्या समितीने फार विचार केला."

"समितीने विचार केला की काही खरं नसतं. बोला."

"दगड हलवता येणार नाही म्हणतात. लोक लांबून लांबून येतात हो. पण राख ठेवायला कुणाचीच हरकत नाही. इथेच, दगडासमोर. मी स्वतः प्रार्थना म्हणेन."

"आणि त्याचं नाव?"

फिलिपा टेकडीकडे पाहायला लागली. "नावाची पाटी लावली तर येणाऱ्यांचा गोंधळ होईल, असं मत पडलं. एका थडग्यावर दोन नावं..."

"एका थडग्यावर एकच नाव आहे, पाद्रीणबाई, आणि तो माणूस खोटा आहे! खऱ्याचं नाव लावलं तर गोंधळ होतो होय?"

"मला कळतंय तुम्हाला काय वाटत असेल."

"नाही कळत. कळलं असतं तर तुम्ही समितीत हात वर करून बोलला असतात. नावाशिवाय मी त्याला ठेवणार नाही. मार्मलेडशेजारी बरा आहे तो."

फिलिपा गेली. बाई वाईट नव्हती, नुसती भित्री होती, आणि एनिडला भित्र्या माणसांचा जास्त राग यायचा. तिने दगड पुसून कोरडा केला. का केला, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. आज चाहत्यांचा वार्षिक मेळा होता, आणि मेटकाफांच्या जागेवर घाण दिसलेली तिला चालत नव्हती, एवढंच.

दुपारी गावच्या सभागृहात ती चहाच्या मोठ्या भांड्यामागे उभी होती, दर वर्षीसारखी. हॉल भरून गेला होता. डॉनकास्टर, हल, पार लंडनहून आलेली माणसं. अर्ध्या पुरुषांच्या डोक्यावर रूबेनसारखी चपटी टोपी, बायकांच्या हातात त्याच्या कुत्र्याचं चित्र असलेल्या पिशव्या. "तेव्हाचं गाव किती सुंदर होतं, नाही?" एक बाई तिच्याकडून केकचा तुकडा घेता घेता म्हणाली, "सगळे एकमेकांच्या मदतीला धावायचे."

"धावायचे," एनिड म्हणाली. "कॅमेरा लागला की."

बाई हसली. या गावात आता वर्षभर धूर निघणारी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. बाकीची सुट्टीपुरती उघडणारी, दाराला पाहुण्यांसाठी किल्लीची पेटी लावलेली. ती घेणारे लोकही मालिका बघूनच या गावाच्या प्रेमात पडले होते. आर्नल्डचं शेत अशाच एका प्रेमात पडलेल्या माणसाने घेतलं आणि गोठ्यात डुंबायला गरम पाण्याचा हौद बांधला.

दिवे मंद झाले. मंडळाचा चिटणीस कीथ, बसची तिकिटं तपासण्यात हयात घालवलेला लठ्ठ, प्रेमळ माणूस, पडद्याशेजारी उभा राहिला. "मंडळी, तोच तो प्रसंग," तो म्हणाला आणि त्याचा आवाज तेवढ्यातच घोगरा झाला.

पडद्यावर बर्फ पडत होतं. अडलेली मेंढी. आणि तिच्यावर वाकलेले दोन हात, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. उजवा हात आत गेला, हळूच वळला, थांबला, पुन्हा वळला. डाव्या हाताचा पंजा मेंढीच्या पोटावर होता, मधलं बोट पेरापासून तुटलेलं. मग ओलं कोकरू गवतावर आलं आणि त्या हातांनी त्याचं नाक पुसलं. हॉलमध्ये लोक हुंदके देत होते. एनिडने भांड्याची तोटी घट्ट बंद केली. पाण्याचा आवाज मध्ये यायला नको होता.

ते हात आर्नल्डचे होते. रूबेनचं काम करणारा नट शहरात वाढलेला. मेंढीच्या वासानेच त्याला मळमळायचं. चेहरा त्याचा, आवाज त्याचा, आणि दूध काढणारे, दगडी कुंपण रचणारे, कोकरू ओढणारे हात आर्नल्डचे. कोणाला सांगायचं नाही, असं कंपनीने बजावलं होतं, आणि आर्नल्डने शब्द दिला होता. दारूच्या गुत्त्यात कुणी रूबेनच्या हातांची तारीफ केली तरी तो ग्लासात बघत बसायचा. त्या दिवसांत एनिडचं काम असे चित्रीकरणाच्या जागी त्याचा डबा घेऊन जायचं आणि ओरडा खायचा: बाई, बाजूला व्हा, तुमचं कोपर दिसतंय. आपल्याच परसात कुठे उभं राहायचं नाही, हे ती चांगलं शिकली होती.

आर्नल्डचा काम करतानाचा एकही फोटो घरात नव्हता. जानेवारीपासून ती संध्याकाळी जुन्या टेप लावून बसायची, आवाज बंद करून. चेहरा आला की पुढे सरकवायची आणि हातांपाशी थांबवायची. या लोकांच्या डोळ्यांतलं पाणी खोटं असतं तर बरं झालं असतं. ते खरं होतं, ते तिच्याच माणसासाठी होतं, आणि त्यांना ते माहीत नव्हतं, याने तिचा जीव जळत होता.

दिवे लागले आणि प्रश्नमंजूषा सुरू झाली. "आता आपला लाडका प्रश्न!" कीथ म्हणाला. "रूबेनचं बोट कधी थोटं, कधी अख्खं. का?"

हास्याचा कल्लोळ झाला. कुणी म्हणालं, हिमवादळाच्या भागात तुटलं. कुणी म्हणालं, दुःख झालं की तो बोट मिटून घेतो, त्यात खोल अर्थ आहे. एक मास्तरासारखा माणूस उठून अर्थ समजावूनही सांगायला लागला.

"ते बोट माझ्या नवऱ्याचं आहे," एनिड म्हणाली.

तिला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज मोठा निघाला. माना वळल्या. तिने हात ॲप्रनला पुसले.

"गवताच्या यंत्रात गेलं होतं. आमच्या लग्नाच्या आधी. ते हातच त्याचे आहेत, सगळीकडे. तुमच्या त्या नटाला मेंढी कुठून धरायची ते माहीत नव्हतं. आर्नल्ड मेटकाफ त्याचं नाव."

मग मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळा हॉल हसत सुटला.

"बघा, गावातल्या प्रत्येक घरात एक रूबेन आहे!" कीथ डोळे पुसत म्हणाला. "मागच्या वर्षी एक आजोबा म्हणत होते कुत्रं त्यांचं होतं! एनिडबाई, या उत्तराला बक्षीस नाही दिलं तर पाप लागेल." त्याने खरोखरच टॉफीचा डबा आणून तिच्या हातात ठेवला. आपुलकीने तिचा खांदाही थोपटला.

सभागृहाच्या दाराशी फिलिपा उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. एनिडने तिच्याकडे पाहिलं, आणि फिलिपाने नजर खाली घातली.

आर्नल्डने जन्मभर पाळलेला शब्द तिने मोडला होता, आणि मिळाली होती टॉफी. तिला त्यांचा राग आला, कीथचा आला, पण सगळ्यात जास्त आर्नल्डचा आला. "घ्या की" म्हणणारा माणूस! तुझी जागा घेतली, हात घेतले, आणि तू ग्लासात बघत बसलास. तिने टॉफीचा डबा चहाच्या टेबलावर ठेवला, ॲप्रन सोडला आणि ती घरी निघून आली.

कोठीत डबा जिथल्या तिथे होता. नाव नसेल तर नाही, असं सकाळी ती ठणकावून म्हणाली होती. पण नाव ही तिची मागणी होती. त्याची मागणी आईबापांची होती. समितीचा निकाल बदलेपर्यंत ती स्वतः कुठे असणार, आणि ती गेल्यावर हा डबा कोण कुठे टाकणार, याचा भरवसा नव्हता.

"चल बाबा," ती म्हणाली. "शेवटी तुझंच खरं कर."

चर्चमागे कुणी नव्हतं. तिने गोणपाट पसरलं, खुरप्याने सासूच्या बाजूला सरकून खड्डा घेतला, आणि डब्यातली राख हळूहळू आत सोडली. वाऱ्याने थोडी उडवली, ती तिच्या बाहीवर बसली. प्रार्थना तिला पाठ होती, पण ती तिने म्हटली नाही. "माझ्यासाठीही जागा ठेव जरा," एवढंच ती बोलली. मग माती ओढली आणि तळव्याने दाबायला लागली.

फाटक करकरलं. मेळा फुलं घेऊन आला होता. पुढे कीथ, टोपी छातीशी धरून. फुलं ठेवली गेली, कुणी रडलं, कुणी दगडाला हात लावला. ताज्या मातीकडे पाहून एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "बघ, अजून किती मायेने राखतात."

केकवाली बाई फोन काढून समोर उभी राहिली.

"आजी, जरा बाजूला होता का? दगडाचा फोटो घ्यायचाय."

एनिडचं अंग सवयीने उठायला निघालं. मग ती थांबली. गुडघे जिथे होते तिथेच राहिले आणि तळवा मातीवरच राहिला.

"नाही," ती म्हणाली.

बाई थोडी खट्टू झाली. डावीकडे सरकली, वाकली, फोन तिरका धरला. शेवटी एकदाचा फोटो निघाला. ती आणि तिची मैत्रीण तो बघायला लागल्या.

"अगं, खाली कुणाचा तरी हात आलाय."

"असू दे," मैत्रीण म्हणाली. "कापता येतो."