रडायची परवानगी

हॅना सकाळी गेली. दुपारपर्यंत अख्खं गाव पाद्री ट्रेगेनच्या अंगणात येऊन बसलं. अंगावर धुतलेले कपडे, कमरेला इथल्या रीतीने गुंडाळलेल्या सुतकाच्या फाटक्या चटया, आणि एकाच्याही डोळ्यांत टिपूस नाही. त्याची बायको हॅना आत झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळलेली, आणि ट्रेगेन दारात उभा. त्यालाही रडू येत नव्हतं. कुणीतरी तिच्यासाठी रडायला हवं, एवढं त्याला कळत होतं. पण तेही दुसऱ्या कुणाची बायको गेल्यासारखं.

दोष तरी कुणाला द्यायचा? टोंगाच्या या बेटावर आलेला हा पहिला मेथडिस्ट पाद्री. तो आला तेव्हा माणूस मेलं की बाया गळा काढायच्या, तोंड बडवून घ्यायच्या, करंगळीचं पेर तोडायच्या. त्याने पेर तोडणं बंद केलं, ते बरंच केलं. मग तोंड बडवणं बंद केलं. मग गड्याला हुरूप चढला आणि त्याने रडणंच बंद करून टाकलं. माणूस देवाकडे गेला, मग रडायचं कशाला? गाणी म्हणा. गाव गाणी म्हणायला शिकलं, आणि फार सुरेख शिकलं.

लोसालिने म्हातारी पहिल्या रांगेत होती. तिच्या दोन्ही करंगळ्या अर्ध्या, जुन्या काळातल्या. हॅनाचं सगळं दुखणं हिनेच काढलं होतं. तिचा मुलगा सिओएली होडी उलटून बुडाला तेव्हा तिने किनाऱ्यावर गळा काढायला तोंड उघडलं होतं. ट्रेगेन स्वतः तिथे गेला आणि चर्चच्या मंडळीतून नाव कमी करीन म्हणाला. तेव्हापासून ती त्या पोराबद्दल बोललेली नव्हती.

ट्रेगेन तिच्यासमोर जाऊन बसला.

"लोसालिने, तुला रडू येत नाही?"

"तुम्हाला येतंय?"

"नाही."

"मग आम्ही बरे. आम्हाला येतं, पण आम्ही गिळतो."

"आज गिळू नका."

"का बरं? आज देवाने कायदा बदलला?"

"आजी, जरा दमानं," मागून फीफीता म्हणाला. तो मंडळीचा पुढारी.

"तू गप रे. पाद्रीबाबा, माझ्या सिओएलीच्या वेळी पाप होतं, आणि आज नाही?"

"तेव्हाही नव्हतं," ट्रेगेन म्हणाला. "मी चुकलो."

"मग हे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा."

तो उभा राहून म्हणाला. कुणी हललं नाही. तरण्या पोरी एकमेकींकडे बघू लागल्या. गळा काढायची एक रीत असते, आणि ती त्यांना कुणी शिकवलीच नव्हती. शेवटी लोसालिनेने केस सोडले, दोन्ही हात जमिनीवर टेकले आणि हाक मारली.

हाक सिओएलीच्या नावाची होती.

मग फीफीताने आपल्या मेलेल्या बायकोला हाक मारली. कुणी गोवरात गेलेल्या लेकराला, कुणी भावाला. प्रत्येकाचं कुणी ना कुणी रडायचं राहून गेलं होतं. यातल्या कितीकांना ट्रेगेननेच गाणी म्हणत पुरलं होतं. तो हॅनाच्या नावाची वाट बघत बसला. ते काही येईना.

"आणि हॅना?" त्याने लोसालिनेला विचारलं.

तिने नाक पुसलं. "माझ्या लेकीसारखी होती ती. पण पहिली हाक घरच्या माणसाने मारायची असते, बाबा. तुम्ही मारा, मग बघा आम्ही कसं रडतो ते. त्यासाठीच थांबलोय."

तिने हात वर केला, तसं अंगण हळूहळू शांत झालं. सगळे त्याच्याकडे बघू लागले. कुणाच्या नजरेत राग नव्हता, मायाच होती. ते त्याला दिसलं, पण आत काही हललं नाही.

ट्रेगेनने तोंड उघडलं. बाहेर आलं ते दफनविधीचं पहिलं वाक्य. आवाज नेहमीसारखा खणखणीत, पार शेवटच्या रांगेपर्यंत गेला. लोकांनी सवयीने डोळे पुसले, माना खाली घातल्या, आणि ते गाण्याची वाट बघत राहिले.