क्रीम न येणारं पेन

मी पेन आहे, पण माझ्यात शाई नाही. टोपण नाही, रिफिल नाही, कुणाच्या खिशाला डाग पाडल्याचा इतिहास नाही. मी डिजिटल चित्रं काढायचं पेन. पेन हा शब्द नपुंसकलिंगी आहे, हे मला ठाऊक आहे. पण ‘मी आलं, मी पडलं’ असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. म्हणून पुरुषासारखं बोलतो. चालवून घ्या.

कारखान्यात मला माझ्यासारखीच इतकी भावंडं होती, की आरशाची गरज पडली नाही. तिथेच एका काळ्या पाटीशी माझी गाठ बांधली गेली आणि आम्हा दोघांना एका खोक्यात घातलं. मी पाटीवर फिरलो, की चित्र पाटीवर उमटत नाही, शेजारच्या कॉम्प्युटरवर उमटतं. मार एकाला आणि वळ दुसऱ्याला, असा आमचा संसार.

आम्हाला विकत घेतलं एका केकच्या दुकानाच्या मालकाने. त्याच्याकडे सजावटीच्या टेबलावर काकू होत्या. क्रीमची पिशवी पिळून पिळून त्यांनी गावभरच्या केकांवर गुलाब फुलवले होते, नावं लिहिली होती. पण त्या पिळण्याने त्यांचं मनगट कामातून गेलं. डॉक्टरांनी बजावलं, “आता पिळणं बंद.” तेव्हा मालकाने साखरेच्या कागदावर चित्र छापणारं यंत्र आणलं. छापायचं आणि केकवर चिकटवायचं.

“काकू, या पाटीवर चित्रं काढायला शिका,” मालक म्हणाला. “जमलं तर टेबल तुमचंच.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर… खोक्यांना रिबिनी बांधायला बसा.”

भट्टीचं दार अवेळी उघडल्यावर केक बसतो, तसा काकूंचा चेहरा बसला. मला पर्समध्ये टाकून आणि पाटी काखेला मारून त्या घरी आल्या.

घरी काका होते. आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केलेले. कुठल्याही वस्तूला एक थापट मारली की ती सुधारते, यावर त्यांची श्रद्धा. त्यांनी पाटीच्या तारा घरच्या कॉम्प्युटरला जोडल्या. काकूंनी पाटीवर फूल काढलं आणि पाटीकडे बघत राहिल्या. पाटी कोरी.

“अहो, उमटत नाही.”

“शाई वाळली असेल. आण इकडे.” काकांनी मला झटकलं, माझ्या टोकावर हाऽऽ करून फुंकर मारली, तळहातावर गिरवून पाहिलं. मग जिभेला लावलं. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा थापट मारली.

“अगंबाई, तिकडे बघा!” काकू ओरडल्या.

कॉम्प्युटरवर फूल होतं. म्हणजे कोंबडीने उकिरडा उकरावा तसं काहीतरी होतं; पण काकूंनी ते फूल म्हणून काढलं होतं, एवढं खरं.

खरी आफत पुढे आली. केकवर जाड रेघ हवी असेल तर पिशवी जोरात पिळतात. काकूंनी मलाही पिळलं. आता माझ्या कमरेला एक बटण आहे. ते दाबलं की शेवटची रेघ पुसली जाते. काकू पाकळी काढायच्या, जाड करायला म्हणून पिळायच्या आणि पाकळी गायब!

“रेघ गिळतोय हा मेला!”

“भुकेला असेल,” काका म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा. इथे माझं टेबल चाललंय आणि तुम्हाला विनोद सुचतायत!”

क्रीमच्या पिशवीच्या सवयीने दर रेघेनंतर त्या माझं टोक ओल्या फडक्याने पुसत. मला गुदगुल्या होत, पण हसायची सोय नव्हती. चार दिवसांत मी एवढी फुलं गिळली, की एखाद्या बागेचा सत्यानाश झाला असता. शेवटी काकूंनी मला खाली टाकलं आणि ठणकणारं मनगट चोळत म्हणाल्या, “रिबिनीच बांधते आता.”

काका पहिल्यांदाच गंभीर झाले. “अगं, तू पेन धरतेस की चोराची मानगूट? जरा सैल धरून बघ की!”

काकूंनी मला सैल धरलं. रेघ आली आणि राहिली. टोक जरा दाबून टेकवलं तशी ती जाड झाली. काकू बघतच राहिल्या. “म्हणजे पिळायचं नाही, टेकवायचं!” मग हळूच म्हणाल्या, “अहो, दुखलं नाही.”

त्यानंतर गाडी सुसाट सुटली. कॉम्प्युटरवर ‘नवीन थर जोडा’ हे शब्द दिसले, तेव्हा तर काकू खुर्चीतच उडाल्या. “थर? अहो, हा तर माझाच प्रांत!” पार्श्वभूमी एका थरावर, चित्र दुसऱ्यावर, अक्षरं तिसऱ्यावर. प्रत्येक थरापुढे डोळ्याचं चिन्ह असतं. डोळा मिटला की तो थर दिसेनासा होतो.

लवकरच परीक्षेची ऑर्डर आली. एक बस ड्रायव्हर निवृत्त होत होते. केकवर त्यांची बस हवी आणि बसमध्ये ते. काकूंनी फोटो बघून बस काढली, आरशासकट. वेगळ्या थरावर ड्रायव्हरसाहेब काढले. मिशांचे केस नीट दिसावेत म्हणून बसच्या थराचा डोळा मिटला. मिशा अशा सुंदर झाल्या, की त्या भरात डोळा उघडायचा राहिला. चित्र तसंच दुकानात गेलं. तिथे ते छापलं, केकवर चिकटवलं आणि खोका बंद झाला.

समारंभ दुकानाच्याच माडीवर होता. मी काकूंच्या हातात होतो. मालकाने खोका उघडला आणि काकूंनी मला पुन्हा पूर्वीसारखं पिळलं. केकवर बस नव्हतीच. भरघोस मिशांचे ड्रायव्हरसाहेब दोन्ही हात पुढे करून, गुडघे वाकवून, हवेत बसले होते.

मालकाने काकूंकडे पाहिलं. “काकू, बस कुठाय?”

“डोळा लागला तिचा,” काकू पुटपुटल्या.

ड्रायव्हरसाहेब केकवर वाकले. मग त्यांचं पोट हलायला लागलं, मग खांदे, मग मिशा. “अरे, इतकी वर्षं हिने मला सोडलं नाही! घरी जेवतानाही पाय ब्रेक शोधायचा. आज गेली बया. मी एकटाच उरलो!” ते हसता हसता डोळे पुसू लागले. “ही कल्पना कुणाची?”

“चुकून झालं हो,” काकूंनी खरं ते सांगितलं.

“असू दे. पण हा चेहरा चुकून झालेला नाही. बायकोसुद्धा माझ्याकडे इतकं निरखून बघत नाही.”

बायकोने त्यांना कोपर मारलं. मालक केक कापायला सुरी शोधत म्हणाला, “काकू, उद्या टेबलावर या. पण छापायच्या आधी सगळे डोळे उघडत चला.”

आता मी रोज त्या टेबलावर असतो. टोक झिजलं की नवं बसतं, त्याला सांडलेली पिठीसाखर लागते. तुमच्यापैकी कुणी माझ्या भावंडाला घरी आणलं असेल आणि पहिलं चित्र उकिरड्यासारखं आलं असेल, तर त्याला ड्रॉवरमध्ये कोंडू नका. आमची कशालाही ना नसते. फक्त जिभेला लावू नका.

आणि एक विनंती आहे. आत्ता काकू मलाच शोधतायत. टेबल पालथं घातलं, कचऱ्याची बादली उपसली, काकांना फोन करून झाला, मालक तर टेबलाखाली शिरलाय. कुणीतरी त्यांना सांगा हो: मी त्यांच्याच अंबाड्यात खोचलेला आहे.