झाडावर की जमिनीवर

आईचा फोन आला तेव्हा धाकटी प्रयोगशाळेत हाडांच्या साच्यांवरची धूळ ब्रशनं झाडत होती.

"तुझ्या बापानं आज दुसऱ्या फिजिओबाईला पळवून लावलं," आई म्हणाली. "रडत गेली बिचारी. उद्यापासून तिसरी येणार आहे. तू ये."

"दादाला सांग ना."

"दादा समुद्रापलीकडे बसून फोनवर गोड बोलतो. मला गोड माणूस नकोय. याच्यावर ओरडणारं कुणीतरी हवंय."

ओरडायला धाकटीची ना नव्हती. तिच्या पोटात ते तीन वर्षं साठलेलं होतं.

बाबांना सगळे 'सर' म्हणत. विद्यापीठात त्यांनी सगळी हयात एकाच प्रश्नावर घालवली: माणसाचे पूर्वज चार पायांवरून दोन पायांवर आले ते कधी, कुठं आणि कशासाठी? त्यांचं उत्तर त्यांच्या पुस्तकांतून घरोघरी गेलेलं होतं. हवा कोरडी झाली, जंगलं विरळ झाली, एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत मोकळ्या गवतातून जावं लागू लागलं, म्हणून ते खाली उतरले आणि उभे राहिले. मोकळ्या जमिनीवर, कशाचाही आधार न घेता. 'कशाचाही आधार न घेता' हे शब्द ते व्याख्यानात थोडं थांबून, छाती पुढे काढून उच्चारत.

धाकटी जेवणाच्या टेबलावर हीच गोष्ट ऐकत मोठी झाली आणि त्याच विषयात शिरली. मग ती काही वर्षं दूरच्या एका जंगलात राहिली. झाडांवरचे मोठे तांबडे वानर बघत तिची मान आखडून गेली. फांद्यांच्या टोकाला, जिथं फळं असतात आणि फांदी बोटाएवढी बारीक होते, तिथं ते वानर गुडघे सरळ करून दोन पायांवर चालत. एका हातानं वरची फांदी धरलेली. तिनं मांडलं ते असं, की उभं राहणं झाडावरच सुरू झालं असावं, हातानं धरून. जमीन नंतर आली. शिवाय सगळ्यात जुने उभे चालणारे जमिनीच्या ज्या थरांत सापडले, तिथं परागकणांसारख्या झाडीच्या खुणाही सापडतात.

हे तिनं मोठ्या परिषदेत वाचलं. वाचून संपलं आणि प्रश्न सुरू व्हायच्या आत पहिल्या रांगेतून बाबा उठले.

"वक्त्या म्हणतात, माणूस चालायला झाडावर शिकला," ते म्हणाले. "छान. मग पोहायला तो वाळवंटात शिकला असणार."

सभागृह खदाखदा हसलं. बाबा खाली बसले आणि चष्मा पुसू लागले. त्यानंतर कुणी प्रश्नच विचारला नाही. चहाच्या वेळी लोक येऊन तिच्या खांद्यावर थोपटून गेले, शर्यतीत शेवटी आलेल्या पोरीला थोपटावं तसं. त्या दिवसापासून तिनं आईबापांच्या घराची पायरी चढली नव्हती. मेंदूतल्या बारीक वाहिनीत गुठळी अडकून बाबांचा उजवा हात-पाय गेला, तेव्हाही ती इस्पितळाच्या काचेतून त्यांना झोपलेले बघून परत फिरली होती.

बाबा आता घरी आले होते, फक्त व्यायामाला रोज इस्पितळात येत. दुसऱ्या दिवशी ती तिथल्या व्यायामाच्या खोलीत पोचली. एका भिंतीला आरसा, खाली रबराची जाजमं, मधोमध कमरेएवढ्या उंचीच्या दोन लांब लोखंडी दांड्या, आणि त्यांच्या एका टोकाला चाकाच्या खुर्चीत बाबा. अर्धा चेहरा सैल पडलेला, पण डोळे तेच. तिसरी फिजिओबाई तरुण होती आणि तिनं कंबरेवर हात ठेवले होते.

"सर, फक्त उभं राहायचं. दोन्ही बाजूंनी दांड्या आहेत. डावा हात दांडीवर टाका."

"धरून चालणं म्हणजे चालणं नव्हे." जीभ जड झाली होती, पण शब्द सगळे जागेवर होते. "मी आधाराशिवाय उभा राहीन, नाहीतर पडून राहीन."

"मग पडूनच राहा," धाकटी मागून म्हणाली.

बाबांनी मान वळवली नाही. आरशातूनच तिच्याकडे बघितलं.

"आल्या का? झाडावरून उतरल्या वाटतं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वर्षांनी पहिलं वाक्य, आणि ते हे! फिजिओबाईनं एकदा बाबांकडे, एकदा धाकटीकडे बघितलं आणि टॉवेल घडी करण्याच्या निमित्तानं खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली.

"बाबा, दांडी धरा."

"म्हणजे तुझं खरं झालं. हेच हवंय ना तुला? म्हातारा फांदी धरून उभा राहिला, लिहा पुरावा!"

"मला पुराव्याला तुमचा पाय लागत नाही. माझ्याकडे पुरावे आहेत."

"वानरांचे."

"वानरांचे, हाडांचे, परागकणांचे. निबंधात सगळं आहे." बोलता बोलता ती अडखळली. बाबांना वानरांपलीकडचं काही ठाऊकच नाही, असं तिला वाटलं. ती त्यांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. "बाबा, परागकणांचं कोष्टक कितव्या भागात होतं?"

"मला आता काय आठवतंय."

"तुम्हाला वीस वर्षांपूर्वीच्या निबंधातली तळटीप आठवते. खोटं बोलू नका. तुम्ही माझा निबंध वाचला होता का?"

बाबांनी नजर दांड्यांकडे वळवली. 

"परिषदेच्या आधी मी तो घरी पाठवला होता. आईच्या हातात दिला होता. तुम्ही वाचला होता का?"

"नाही," बाबा म्हणाले. "गरज वाटली नाही."

तिला वाटलं होतं, आपला राग पूर्ण भरलेला आहे, त्यात आणखी थेंब मावणार नाही. पण मावला. वाचून चूक ठरवलं असतं, चिंध्या केल्या असत्या, तर तिनं दात-ओठ खाऊन का होईना सोसलं असतं. हा माणूस विद्यार्थ्यांना सांगायचा, की ज्याचं वाचलं नाही त्याच्यावर बोलायचं नाही. तिलाही त्यानंच शिकवलं होतं. आणि पोटच्या पोरीचं न वाचता, एका विनोदावर, तिला भरसभेत आडवं केलं.

"जन्मभर या खुर्चीत बसा," ती म्हणाली. "मी येणार नाही."  दार तिनं इतक्या जोरात ओढलं, की आरसा थरथरला.

दोन दिवसांनी सकाळीच पुन्हा आईचा फोन. या वेळी आई ओरडत नव्हती, आणि त्यामुळंच धाकटी अंगावरच्या कपड्यांनिशी धावली.

घराचं दार उघडंच होतं. झोपायची खोली आणि न्हाणीघर यांच्या मधल्या अरुंद बोळात बाबा कुशीवर पडले होते. आई बाजारातून येईपर्यंत आधाराशिवाय उभं राहून दाखवायचं, असा त्यांचा बेत होता. उभे राहिले, एक पाऊल टाकलं, आणि उजव्या पायानं दगा दिला. मग कोपरावर रेटत दारापर्यंत यायचा प्रयत्न केला होता. फरशीवर त्यांच्या पायजम्याची ओली रेघ उमटली होती. चष्म्याची एक काडी मोडली होती, कपाळावर टेंगूळ आलं होतं. आई भिंतीला पाठ टेकून त्यांच्या शेजारी बसली होती. तिच्यानं ते उचलले जात नव्हते.

धाकटीला आधी हायसं वाटलं, की जिवंत आहेत. त्याच्या पाठोपाठ संताप उसळला.

"हौस फिटली का? मोकळ्या जमिनीवर, कशाचाही आधार न घेता?"

"पायात... ताकद येत होती," बाबा फरशीला गाल टेकून म्हणाले. "पुरेसा वेळ दिला असता तर—"

"वेळ! लाखो वर्षं देऊ का? मुळात तुमचा मुद्दाच—"

"गप्प बसा!"

आई उठून उभी राहिली होती. बाजाराची पिशवी तिनं भिंतीवर आपटली, तशी त्यातली फळं बोळभर घरंगळत गेली. धाकटीनं आईला चिडचिड करताना पाहिलं होतं, टोमणे मारताना पाहिलं होतं. असं कधी पाहिलं नव्हतं.

"माकडं झाडावर उभी राहिली का गवतात उभी राहिली, मला त्याच्याशी कवडीचं देणंघेणं नाही! जन्मभर तेच ऐकतेय. जेवताना तेच, झोपताना तेच. आधी एकटा बोलायचा, मग पोरगी मोठी झाली आणि दोघं बोलायला लागलात. माझ्या या गुडघ्यांनी मी दिवसातून कितीदा याला खुर्चीतून संडासावर आणि संडासावरून खुर्चीत टाकते, ते विचारलंय कुणी? याला आधार चालत नाही म्हणे! मी कोण आहे मग? मी काय भिंत आहे?" ती बाबांच्या तोंडाजवळ वाकली. "उद्या तू ती दांडी धरशील. हातानं धर, दातानं धर, पण धरशील. आणि तू," ती धाकटीकडे वळली, "याला घेऊन जाशील, रोज. भांडायचं तर भांडा. भांडता भांडता चालवायचं."

 मायलेकींनी बाबांना काखेत हात घालून उचललं. त्यांचं अंग हलकं झालेलं होतं. ते धाकटीच्या खांद्यावर कलले, तेव्हा तिच्या कानाशी त्यांचा श्वास लागला, आणि तिला त्या क्षणीसुद्धा त्यांचा राग आला, की हे इतके हलके का झाले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी दांडी धरली. फिजिओबाई मागून कमरेचा पट्टा पकडून उभी, धाकटी पुढून उलटी चालत. बाबांचा डावा हात दांडीवर पांढरा पडला होता. उजवा पाय लाकडाच्या ओंडक्यासारखा फरफटत येत होता.

"गुडघा सरळ," फिजिओबाई म्हणाली.

"परागकण वाऱ्यानं येतात," बाबा म्हणाले.

धाकटी थबकली. "काय?"

"काल वाचला तुझा निबंध. आईनं उशाशी आणून टाकला. परागकण वाऱ्यानं लांबून येतात. तेवढ्यावरून तिथं झाडी होती असं म्हणता येत नाही."

"म्हणून तर मातीचं रसायन वेगळं तपासलंय! तो भाग वाचलात की तिथं डुलकी लागली? पाय उचला आधी."

"उचलतोय. ते नमुने मोजकेच आहेत."

"तुमच्या गवताळ प्रदेशाला त्याहून कमी नमुने होते, तेव्हा कुणी हसलं नाही!"

फिजिओबाईनं दोघांनाही दम भरला, की हे इस्पितळ आहे. पण दांड्यांचं दुसरं टोक आलं होतं, आणि बाबांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. लक्षात आलं तेव्हा ते खूश झाले नाहीत. घामानं भिजलेल्या चेहऱ्यानं त्यांनी मागं वळून त्या दोन दांड्यांकडे असं बघितलं, जणू कुणी त्यांना फसवून तिथं आणलं होतं.

महिने गेले. बाबा काठी घेऊन घरातल्या घरात चालू लागले, वेडंवाकडं, भिंतींना घासत. उजवा हात मात्र परत आला नाही. एका दुपारी ते धाकटीला म्हणाले, "मला तुझ्या निबंधाला उत्तर लिहायचंय. छापायला. हात चालत नाही. तू टंकून दे."

"माझ्याविरुद्धचं उत्तर मी टंकू?"

"इतर कुणाला माझी ही जीभ कळत नाही."

तिला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. तिनं संगणक उघडला. "एका अटीवर. पहिल्या वाक्यात लिहायचं, की परिषदेत तुम्ही निबंध न वाचता बोललात आणि ती तुमची चूक होती."

"खेद म्हणू."

"खेद पाऊस न पडल्याचाही होतो. चूक."

"अनवधान."

"अनवधानानं माणूस छत्री विसरतो. चूक, बाबा. नाहीतर मी उठले."

तासभर घासाघीस चालली. बाबांनी काठी आपटली. धाकटीनं संगणक मिटला आणि पुन्हा उघडला. शेवटी ते खिडकीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटले.

"ऐकू आलं नाही."

"चूक," ते म्हणाले. जड जिभेमुळं तो शब्द निम्मा गळून पडला.

"तरी नाही आलं." तिला ते नीट ऐकू आलं होतं. आपण दुष्टपणा करतोय हेही तिला कळत होतं. पण त्या सभागृहातलं हसणं अजून तिच्या कानांत होतं, आणि तेवढं मोठ्यानं तिला हे हवं होतं.

"चूक! माझी चूक झाली!" बाबा ओरडले, इतके मोठ्यानं की स्वयंपाकघरात आईच्या हातातलं झाकण खाली पडलं. "झालं समाधान? लिही!"

धाकटीनं ते वाक्य टंकलं. डोळ्यांत पाणी आल्यामुळं एक अक्षर चुकलं, ते तिनं पुसून पुन्हा टंकलं. बाबांनी खुर्ची पुढे ओढली, मोडक्या काडीचा चष्मा एका हातानं सावरला आणि वाक्य दोनदा वाचलं.

"पूर्णविराम दे," ते म्हणाले. "पुढचं वाक्य. तथापि..."

आणि तिथून पुढे संध्याकाळपर्यंत ते तिच्या निबंधाची एकेक बाजू उसवत गेले. धाकटी दात-ओठ खात शब्द न् शब्द उतरवून घेत होती, आणि शेजारच्या कागदावर आपल्या उत्तराचे मुद्दे टिपत होती.