पडद्यामागचं रेशीम

माझ्या आवाजाचं कौतुक जन्मात एकाच माणसाने केलं, आमच्या ह्यांनी. माहेरी सगळे म्हणायचे, हिच्या तोंडाची टकळी बंद करा रे कुणीतरी. हे मात्र पहिल्याच भेटीत म्हणाले, तुमच्या आवाजात खालचं, वरचं, सगळं आहे. मी आपली लाजले. नंतर कळलं, हे टेलिफोन कंपनीत होते. माणसाचा आवाज म्हणजे ह्यांच्या लेखी सुटा करून तपासायची वस्तू होती.

मग ती नोकरी सोडली आणि घराच्या मागच्या खोलीत मायक्रोफोन करायला बसले. रेडिओ तेव्हा नवा होता. स्टेशनवर कोळशाच्या भुकटीचे मायक्रोफोन असायचे, त्यामुळे बोलणाऱ्याच्या मागे सतत कुणीतरी काहीतरी तळतंय असं वाटायचं. ह्यांचा बेत वेगळा. अॅल्युमिनियमचा कागदाहून पातळ पडदा, त्याला मागून चिकटवलेली केसासारख्या तारेची हलकी कॉइल, आणि ती कॉइल चुंबकाच्या गोल फटीत अधांतरी. आपण बोललो की पडदा हलतो, पडद्याबरोबर कॉइल हलते आणि तारेत वीज येते. सांगायला एवढंच, पण करता करता संसाराचं कारखान्यात रूपांतर झालं. पडद्याला मधे फुगवटा हवा, म्हणून तो माझ्या पळीच्या पाठीवर ठोकून काढला. फटीत लोखंडाचा कीस गेला की कॉइल खरखरायची, तेव्हा काडीला कणकेची गोळी लावून तो कीस टिपायचं काम माझ्याकडे. चुंबक घासायला भावजी, म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ. ते लेथवर काम करायचे आणि सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे राबायचे.

सगळ्यात छळलं ते पडद्याने. ताटलीला चमचा लागावा तसा तो आपल्या एका सुरात वाजायचा, आणि बोलण्यातले स, श, च त्या सुरात सापडले की ऐकणाऱ्याच्या कानात सुई. त्याला आवर घालायला मागे रेशमाच्या चकत्या बसवायच्या. चकत्या जास्त झाल्या की माणूस गोणपाटाआडून बोलल्यासारखा वाटायचा आणि कमी झाल्या की सुई. नेमक्या किती, हे कानाने ठरवायचं. मीटर आमच्याकडे कुठला असायला! ह्यांचे कान हाच तराजू आणि माझा आवाज हेच वजन. मी स्वयंपाकघरात मायक्रोफोनपुढे उभी राहून वर्तमानपत्रातल्या हरवले-सापडलेच्या जाहिराती वाचायची आणि हे मागच्या खोलीत हेडफोन लावून ऐकायचे. मनासारखं झालं की भिंतीवर टकटक करून म्हणायचे, हं, ही तू.

रेडिओ स्टेशनने चाचणी ठरवली. पास झालो तर स्टेशनचे सगळे मायक्रोफोन ह्यांच्या हातचे. नाही तर पुन्हा लोकांचे टेलिफोन उघडायचे. तारीख कळली आणि नेमका तेव्हाच ह्यांना माझा आवाज आवडेनासा झाला.

म्हणे, बोथट झालाय. म्हणे, पूर्वीची धार नाही. मी मिठाच्या गुळण्या केल्या. हलणारा एक दात होता, तो काढून घेतला, म्हटलं त्यातून वारा जात असेल. तरी ह्यांचं आपलं तेच. मग रेशमाची एक चकती काढली. थोडे दिवस बरं वाटलं, मग दुसरी काढली. मी भडकले. म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं! यंत्र तुमचं बिघडलंय आणि नावं मला ठेवता? हे हसले आणि तिसरी काढायला बसले. भावजी मात्र मान खाली घालून चुंबक घासत राहिले.

एकदा मी ह्यांच्या अगदी पाठीमागे स्टोव्ह पेटवला. चांगला फुसफुसत होता. हे डिंक पातळ करायचा म्हणून वाटी धरून बसले होते. मान न वळवताच म्हणाले, "अगं, स्टोव्ह अजून पेटवला नाहीस?"

मी भावजींना मायक्रोफोनपुढे उभं केलं आणि स्वतः हेडफोन लावले. त्यांनी एक वाक्य वाचलं असेल नसेल, मी हेडफोन ओढून काढले. प्रत्येक 'स' कानात टोचत होता. भावजी खाली बघत म्हणाले, मला हे केव्हाच कळलं होतं, पण दादाला कोण सांगणार? बोलणं ऐकू येतं हो त्याला, ते म्हणाले, फक्त वरचं वरचं जे बारीक असतं, तेवढं गेलंय. इतकी वर्षं टेलिफोनचे खटके कानात घेतले, दुसरं काय होणार!

मी ह्यांना सांगितलं. मी कसली गप्प बसते! हे चिडलेसुद्धा नाहीत, उठून कानाच्या डॉक्टरकडे गेले. त्या शहाण्याने दोन पात्यांचा एक लोखंडी काटा ठोकून कानाशी धरला. घूं करणारा, चांगला भरड आवाजाचा काटा. तो ह्यांना दोन्ही कानांनी ऐकू आला. डॉक्टरने पाठ थोपटली आणि हे शीळ घालत घरी आले. बारीक आवाजाचं कुणी तपासलंच नाही, डोंबल!

आम्ही चोरून चकत्या परत बसवून पाहिल्या. ह्यांनी हेडफोन लावताच ओळखलं. भावजींना झापलं आणि चकत्या काढून टाकल्या. मग मला पुन्हा वाचायला लावलं आणि भिंतीवर टकटक केली. मागच्या खोलीतून आवाज आला, "हं, ही तू. कुठे गेली होतीस इतके दिवस?"

त्या आवाजात इतका आनंद होता की मी तशीच भिंतीला टेकून रडले. ते यंत्र सगळ्या जगाला टोचणार होतं, आणि ह्यांना मी पूर्वीसारखी ऐकू येत होते ती फक्त त्याच्यातूनच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली माझी.

चाचणीच्या सकाळी हे दाढी करत होते, तेव्हा भावजी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन माझ्यापुढे उभे राहिले. "वहिनी, तुम्ही सांगाल तसं करतो."

इतक्या वर्षांच्या कष्टांवर लोकांनी कानात बोटं घालावीत, हे मला बघवलं नसतं. मी म्हटलं, बसवा. मी हेडफोन लावले, भावजी हळू आवाजात आकडे म्हणत गेले, आणि टोचणं थांबेपर्यंत आम्ही एकेक चकती वाढवली. ह्यांना कळेल तेव्हा काय, याचा विचार मी केला नाही. म्हणजे केला, पण पुढे काही सुचलं नाही.

स्टेशनमध्ये मला काचेच्या एका बाजूला उभं केलं. आवाज माझाच हवा, असा ह्यांचा आग्रह होता. निवेदिकेने हातात हवामानाचा कागद दिला. काचेपलीकडे मोठे साहेब, दोन इंजिनियर आणि हे, सगळ्यांच्या कानांवर हेडफोन. आधी त्यांचा जुना मायक्रोफोन झाला, मग आमचा. लाल दिवा लागला. दिवा विझेपर्यंत थांबायचं नाही, असं बजावलं होतं. मी वाचायला लागले.

मोठ्या साहेबांच्या भुवया वर गेल्या. एक इंजिनियर दुसऱ्याकडे बघून हसला आणि त्याने मान डोलावली. साहेबांनी डोळे मिटून घेतले, गाणं ऐकताना मिटतात तसे. मला कळलं, जिंकलो.

आणि ह्यांनी हेडफोन चाचपले. वायर हलवून पाहिली. मग ते काढून शेजारच्या इंजिनियरचे मागून घेतले आणि ते लावले. काहीतरी म्हणाले, बहुतेक, थांबवा, बिघडलंय. तो इंजिनियर नवलाने बघायला लागला आणि त्याने दोन बोटं जुळवून खूण केली, फक्कड. ह्यांनी साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, दारापाशी मान खाली घालून उभ्या असलेल्या भावजींकडे पाहिलं. मग काचेतून माझ्याकडे. मी वाचत होते. उद्या आकाश निरभ्र राहील, वारा पश्चिमेकडून. दिवा लाल होता, काच जाड होती, आणि हे माझ्या ओठांकडे बघत होते. आयुष्यात इतकं लाचार मला कधी वाटलं नाही.

नंतर साहेबांनी ह्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. असा स्वच्छ आवाज आजवर ऐकला नव्हता, म्हणाले. ह्यांनी आभार मानले, अगदी नीट, व्यवस्थित. यंत्र ताब्यात द्यायला भावजी मागे थांबले आणि आम्ही दोघं चालत निघालो.

रस्ता मोकळाच होता. कोपऱ्यावर वळल्यावर ह्यांनी विचारलं, "तुझा आवाज बदललाच नव्हता ना?"

मी मान हलवली, नाही.

"तसाच आहे? वरचंसुद्धा सगळं?"

मी पुन्हा मान हलवली, हो. मला खूप सांगायचं होतं. चुकलं असेल तर माझं चुकलं, भावजींना बोलू नका, मी आहे ना, आपण दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ. पण गळा असा दाटून आला होता की नुसता श्वास फुसफुसत बाहेर पडत होता, आणि जे काही म्हणत होते ते त्या श्वासातच म्हणत होते.

हे चालता चालता थांबले, पण समोरच बघत राहिले.

"अगं, बोल ना काहीतरी," म्हणाले.

मी बोलतच होते.